गोगलगायीसाठी एक हात

तिसऱ्यांदा परत आलेलं पाकीट बाईंनी उघडलंच नाही. आतलं पत्र त्यांना तोंडपाठ होतं. ‘आपला विषय रंजक आहे, तथापि तो प्रस्तुत त्रैमासिकाच्या कक्षेत बसत नसल्याने लेख खेदपूर्वक परत पाठवत आहोत.’ त्रैमासिकाच्या मुखपृष्ठावर मात्र ठळक अक्षरांत छापलेलं असायचं: ‘बिनपायांपासून शंभर पायांपर्यंत सर्व लहान जीवांच्या संशोधनास वाहिलेले.’ आता गोगलगायीला पाय किती यावर कोणाला वाद घालायचाच असेल तर घालू द्या, पण ती लहान आहे आणि जीव आहे, याबद्दल तरी दुमत नसावं!

बाईंनी अकरा वर्षं गोगलगायींखेरीज दुसरं काही पाहिलं नव्हतं. प्रश्न साधा होता. बागेतली गोगलगाय उचलून कुंपणापलीकडे फेकली तर ती परत येते का? अकरा वर्षांच्या फेकाफेकीनंतर उत्तर मिळालं होतं: येते. चार मीटरवर फेकलेली हमखास येते, नऊ मीटरवर फेकलेली विचार करून येते आणि वीस मीटरच्या पुढे गेलेली तिकडेच संसार थाटते. हे सिद्ध करायला सहा हजार गोगलगायी फेकाव्या लागल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बाईंच्या वडिलांनी फेकल्या होत्या.

बाबा निवृत्त घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून लोकांच्या मनगटावरची वेळ दुरुस्त केली. डोळे थकले म्हणून दुकान बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी लेकीच्या संशोधन संस्थेत येऊन गोगलगायींच्या पाठीवर बारीक कुंचल्याने आकडे रंगवायला बसले. त्यांच्या सातला एक म्हणायची कोणाची छाती होऊ नये असा तो सात असे. सगळ्यांत लाडकी होती दोनशेबारा. तिला चौदा वेळा फेकलं आणि चौदाही वेळा ती परत आली. “हिला घर कळतं गं,” बाबा म्हणत, “माझ्या गिऱ्हाइकांना दुकान कळायचं नाही.”

पाकीट आलं त्याच दुपारी संचालकांनी बाईंना बोलावून घेतलं. संचालक तसे सज्जन. वाईट बातमी देताना खुर्ची पुढे करायचे. “बाई, बसा. तुमची खोली मोठी आहे, उजेडाची आहे आणि ती मागायला चार जण टपलेत. त्रैमासिकात गोगलगाय छापून आली की मी सगळ्यांना गप्प करीन. पण वर्षभरात आली पाहिजे. नाहीतर गोगलगायींच्या टाक्या हलवाव्या लागतील.”

“कुठे हलवू?”

संचालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कुंपण होतं. म्हणजे अकरा वर्षं ज्यांना बाईंनी बाहेर फेकलं, त्यांच्याबरोबर आता बाईंनाही फेकायचं घाटत होतं, आणि परत यायची सोय नव्हती.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी तोच लेख पुन्हा नव्या पाकिटात घातला आणि टपालाने न पाठवता स्वतः त्रैमासिकाच्या कार्यालयात नेऊन आदळला.

कार्यालय म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक टेबल आणि टेबलामागे टाचणीकाका. हे तिथले कारकून. त्रैमासिक निघालं तेव्हापासून होते. दोन कागद एकत्र दिसले की टाचणी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून हे नाव. आतली खोली बैठकीची. मधल्या लाकडी आडोशाला वर हातभर फट होती, त्यामुळे आतलं गुपित बाहेर यायला वेळ लागत नसे.

“काका, खरं सांगा. माझा लेख कोणी वाचला तरी का?”

काकांनी पाकिटाकडे ओळखीच्या नजरेने पाहिलं. “वाचायचा प्रश्नच येत नाही, बाई. आमची पद्धत वेगळी आहे. बैठकीत मी नुसतं शीर्षक वाचतो. ज्याला लेख हवा तो हात वर करतो. एक हात आला तरी पुरे, लेख त्याच्याकडे जातो. तीन बैठकांत एकही हात आला नाही की लेख कक्षेबाहेरचा.”

“मग कक्षा ठरवतं कोण?”

“हात.”

“आणि गोगलगायीला एकदाही कोणाचा हात आला नाही?”

काका जरा घुटमळले. “एकदा मधमाशीवाल्यांचा आला होता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी लिहायलाही घेतलं. पण त्यांची मान आखडली होती, त्यांना पंखा बंद करून हवा होता.”

संपादक मंडळात पाच जण होते. मुख्य संपादक मुंगीवाले. त्यांच्या डाव्या हाताला मधमाशीवाले आणि वाळवीवाले, उजव्या हाताला फुलपाखरूवाले आणि कोळी-किड्यांच्या जाळ्यांवर तीस वर्षं घालवलेल्या जाळ्यावाल्या मॅडम. माणसं वाईट नव्हती. शीर्षक ऐकलं की आपल्या ओळखीचं काही आहे का एवढं पाहायची आणि नसलं की चहाकडे वळायची.

बाईंचं काम मोजायचं. दोनशेबारा किती तासांत किती सरकली हे ज्यांनी अकरा वर्षं लिहून ठेवलं, त्या मोजल्याशिवाय कशा राहतील? काकांकडून त्यांनी बारा वर्षांचे बांधीव अंक उचलले आणि दुसऱ्या दिवसापासून मोजायला बसल्या. बाबा शेजारी बसून रेघा मारत होते. कोणता लेख कोणत्या जीवावर आणि त्या वेळी मंडळात कोण, एवढीच दोन खणांची मांडणी.

तीन आठवड्यांनी जे समोर आलं ते पाहून दोघांचे डोळे पांढरे झाले. तीनशे चौऱ्याऐंशी लेखांपैकी शंभरात एक्केचाळीस मुंग्यांवर. पहिली चार वर्षं वाळवीचं नाव नाही; पाचव्या वर्षी वाळवीवाले मंडळात आले आणि वर्षभरात वाळवी अंकभर पसरली. चतुरांची कथा तर ऐकवत नव्हती. चतुर, म्हणजे तळ्यावर हेलिकॉप्टरसारखे फिरणारे ते किडे, पहिली सहा वर्षं प्रत्येक अंकात होते. मग चतुरवाले सदस्य वय झाल्यामुळे मंडळातून गेले आणि पुढच्या सहा वर्षांत एक चतुर औषधाला सापडला नाही. देशातल्या तमाम चतुरांनी त्याच महिन्यात तळी सोडली म्हणावं, तर संस्थेच्या हौदावर रोज संध्याकाळी वीस-पंचवीस घिरट्या घालत होते!

“म्हणजे किडे जगात किती आहेत याला अर्थ नाही,” बाबा भिंग पुसत म्हणाले, “खुर्चीवर किती आहेत ते पाहायचं.”

“बाबा, मी हेच लिहून त्यांना पाठवते.”

“त्यांनाच?”

“त्यांनाच. त्यांच्या तोंडावर.”

रागाच्या भरात माणूस सुरेख लिहितो. बाईंनी चार दिवसांत लेख पुरा केला. शीर्षक दिलं: ‘संपादक मंडळ आणि प्रसिद्ध झालेले विषय: बारा वर्षांची मोजणी’. शेवटी एक मोठा तक्ता जोडला. त्यात पाचही सदस्य, त्यांचे पाच जीव आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेले लेख. हा लेख फाडून फेकला जाईल याची त्यांना खात्री होती. फाडताना निदान आवाज तरी येईल एवढीच त्यांची अपेक्षा होती.

तो आवाज ऐकायला त्या बैठकीच्या दिवशी बाहेरच्या खोलीत बाकावर जाऊन बसल्या. आतून काकांचा आवाज आला. “गोगलगायींचे परत येणे. पहिली वेळ.” मग बशीत कप ठेवल्याचा आवाज. बाईंनी ओठ घट्ट मिटले. काकांनी पुढचं शीर्षक वाचलं आणि नियमाबाहेर जाऊन एक वाक्य स्वतःच्या पदरचं घातलं: “यात आपल्या सर्वांच्या कामाचा तक्ता आहे.”

मग काकांचा घाबराघुबरा आवाज आला. “पाचही हात? पंखा बंद करायचाय का?”

पंखा बंद करायचा नव्हता. पाचही जणांना लेख हवा होता.

पंधरा दिवसांनी पाच अभिप्राय आले. बाई ते हातात घेऊन बाबांजवळ बसल्या, कारण एकटीने वाचायचा धीर होईना. तक्ता खोटा आहे, असं एकानेही म्हटलं नव्हतं. लाजेचा तर कुठे मागमूस नव्हता. मुंगीवाल्यांनी लिहिलं होतं की मुंग्यांचे लेख दोन कमी मोजले गेले आहेत. मुंगीसारख्या दिसणाऱ्या कोळ्यावरचे दोन लेख न्यायाने मुंगीच्याच खाती यायला हवेत. जाळ्यावाल्या मॅडमनी लिहिलं होतं की ते दोन लेख मुंगीकडे नेण्याचा कोणी प्रयत्न केल्यास त्या राजीनामा देतील. फुलपाखरूवाल्यांची तक्रार होती की सुरवंट वेगळे का दाखवले, ते घरचेच आहेत. मधमाशीवाल्यांना सातव्या वर्षीच्या घसरणीला तळटीप हवी होती, कारण त्या वर्षी ते परदेशी होते आणि ‘माझ्या गैरहजेरीत मधमाश्यांकडे कोणी पाहिले नाही’. वाळवीवाल्यांनी एकच ओळ लिहिली होती: ‘उत्कृष्ट लेख. वाळवीचा रंग तक्त्यात अधिक गडद करावा.’

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाईंना मात्र हसावं की रडावं तेच कळेना. थप्पड मारायला हात उचलावा आणि समोरच्याने त्यात पेढा ठेवावा, तशी त्यांची गत झाली होती.

लेख पुढच्याच अंकात घ्यायचं ठरलं, पण तक्त्यावरची भांडणं मिटेनात, म्हणून तो त्याच्या पुढच्या अंकावर गेला. दरम्यान गोगलगायींना दुसऱ्या बैठकीतही हात मिळाला नाही. बाई संचालकांकडे गेल्या. संचालकांनी खुर्ची पुढे केली, तेव्हाच बाईंना उत्तर कळलं.

“लेख छान आहे हो. मी स्वतः दोनदा वाचला. पण खोली मंडळांसाठी दिलेली नाही, बाई, गोगलगायींसाठी दिलेली आहे.”

त्याच आठवड्यात त्रैमासिकाचं पत्र आलं. मुख्य संपादकांनी लिहिलं होतं की मंडळे हा विषय आता आपल्या कक्षेत आला आहे, पण त्यातलं जाणणारं मंडळात कोणी नाही. तरी आपण सहावी खुर्ची स्वीकारावी. बाबांनी ते पत्र भिंगातून दोनदा वाचलं.

“बाळ, सुटलो की आपण! आता तूच हात वर कर.”

“स्वतःच्या लेखाला करता येत नाही, बाबा. तेवढा एक नियम त्यांनी लिहून ठेवलाय.”

“मग दुसऱ्या कोणाला तरी सांग.”

बाईंनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाची मनधरणी केली. फुलपाखरूवाल्यांना फोन लावला, सुरवंट घरचेच असल्याचं मान्य केलं आणि मग हळूच गोगलगायीचा विषय काढला. फुलपाखरूवाले म्हणाले, “बघू या. पण एक सांगतो, मुंगीवाल्यांना उगाच कक्षा वाढवलेली खपत नाही. पहिल्याच बैठकीत भलत्यासलत्या विषयाला हात वर करू नका, म्हणजे माझंही वजन राहील.”

बैठकीच्या दिवशी बाई सहाव्या खुर्चीवर बसल्या. हवा गार होती. टेबलावर त्यांच्याच लेखाची छपाईपूर्व पानं सुटी पसरलेली होती, कारण प्रत्येकाला आपापला रंग शेवटचा तपासायचा होता. काकांना त्या सुट्या पानांकडे पाहवत नव्हतं. त्यांची बोटं टाचण्यांच्या डबीवर वळवळत होती.

शीर्षकं सुरू झाली. मुंग्यांचे रस्ते, एक हात. वाळवीची राणी, एक हात. मग काकांनी पुढचा कागद घेतला. “ओल्या जमिनीतील गांडुळांचे रात्रीचे येणे-जाणे. तिसरी वेळ.”

कोणी हलेना. मधमाशीवाल्यांनी बशी जवळ ओढली.

तिसरी वेळ म्हणजे काय हे त्या खोलीत बाईंइतकं कोणाला माहीत असणार? कुठेतरी कोणीतरी गांडुळांमागे वर्षं घालवली होती आणि त्याच्यासाठी पाकीट तयार होत होतं. बाईंचा उजवा हात आपोआप टेबलावरून उचलला गेला. खांद्यापर्यंत आला. मुंगीवाल्यांनी चष्म्यावरून पाहिलं. फुलपाखरूवाल्यांनी बारीक मान हलवली, नको म्हणून. यादीत गांडुळांच्या खालीच गोगलगायी होत्या.

“बाई, हात?” काकांनी विचारलं. “की पंखा?”

बाईंना खोली दिसली, टाक्या दिसल्या, भिंग लावून बसलेले बाबा दिसले.

“पंखा,” त्या म्हणाल्या. “बंद करा जरा.”

काका उठले, भिंतीपाशी गेले आणि बटण दाबलं. पंखा सुरू झाला.

कारण तो मुळात बंदच होता. गारठ्यात कोण लावतं पंखा? पण वेगाचं बटण शेवटच्या आकड्यावर होतं, आणि पंखा असा काही गरगरला की टेबलावरची सुटी पानं एकदम उठली. मुंग्यांचे एक्केचाळीस टक्के छताकडे निघाले. वाळवीचा गडद रंग खिडकीच्या दिशेने चालला. “माझी तळटीप!” मधमाशीवाले हात उंचावून ओरडले. मुंगीवाले पानांमागे हात वर करत खुर्चीवरून अर्धे उठले, जाळ्यावाल्या मॅडमनी दोन्ही हातांनी झडप घातली, फुलपाखरूवाल्यांनी तर सवयीने जाळी धरल्यासारखा हात फिरवला.

या सगळ्या गोंधळात काका शांतपणे आपल्या जागेवर येऊन बसले. त्यांनी पुढचा कागद घेतला आणि रोजच्या आवाजात वाचलं. “गोगलगायींचे परत येणे. तिसरी वेळ.” मग मान वर करून त्यांनी हवेतले हात मोजले आणि नोंदवहीत काहीतरी लिहिलं. नंतर उठून पंखा बंद केला आणि खाली पडलेल्या पानांना एक एक करून टाचण्या मारल्या. बैठक संपल्यावर मुंगीवाल्यांनी नोंदवहीवर न वाचताच सही केली. ते नेहमीच तसं करत. एकदा सही झाली की नोंदवही पक्की.

बाई सगळ्यांत शेवटी उठल्या. त्यांना कोणाकडे पाहवत नव्हतं. गोगलगायींचं शीर्षक त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्या अजून त्या ‘पंखा’ शब्दापाशीच अडकून पडल्या होत्या. एका बैठकीत आपण इतरांसारख्या झालो, तेही पहिल्याच! याची त्यांना मनापासून शरम वाटत होती. दाराशी काकांनी त्यांना थांबवलं आणि एक जाड पाकीट पुढे केलं.

“हे तुमचं, बाई. गांडुळांचं.”

“माझं? पण मी तर पंख्यासाठी…”

“पंखा बंद होता, बाई.” काकांनी नोंदवही उघडून ओळीवर बोट ठेवलं. ‘गांडूळ, एक हात.’ खालच्या ओळीत होतं: ‘गोगलगाय, चार हात.’ “बारा वर्षांत मी एकदा चूक केली. हात आलेला लिहायला घेतला आणि पंखा ऐकून खोडला. तेव्हापासून ठरवलंय, मला दिसेल ते लिहायचं. ऐकायचं नाही.”

“काका, ते चौघं पानं पकडत होते!”

“हात वर होते की नाही?”

बाईंनी पाकीट छातीशी धरलं आणि त्या घरी आल्या.

बाबा अंगणात, संस्थेतून घरी आणलेल्या दोनशेबाराच्या पाठीवरचा पुसट झालेला आकडा पुन्हा रंगवत होते. “चार हात, बाबा,” बाई म्हणाल्या. बाबांनी कुंचला खाली ठेवला. त्यांनी डोळे पुसले आणि भिंगाला ओल आली म्हणून भिंगही पुसलं.

“आणि तू? तू कोणाला दिलास?”

“दिला नाही, बाबा. अर्ध्यातून मागे घेतला. काकांनी तेवढाच लिहून घेतला.”

बाबांनी पाकिटाकडे पाहिलं आणि शेजारची खुर्ची लेकीकडे सरकवली. बाईंना गांडुळांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी पाकीट फोडलं. वर एक लहान चिठ्ठी होती, कोण्या अनोळखी माणसाच्या हातची: ‘तीन वेळा परत आला आहे. छापू नका हवं तर. पण कोणी वाचला का, एवढं कळवा.’

बाईंनी पेन्सिलला टोक काढलं आणि चिठ्ठीच्या खाली, आधी लिहून टाकलं: ‘वाचते आहे.’ मग पहिलं पान उलटलं.